मळ्ळी

शनिवारी लॅपटॉप मिटते, स्कूटी
साखर पेठेतल्या समाजमंदिराशी लावते.
आत चटईवर बायका, मांडीवर सुपं,
बोलतानाही पानं कापत राहणाऱ्या कात्र्या.
पीएफचे अर्ज भरायचेत.

एरवी आठवडाभर मी
पुण्याच्या कंपनीसाठी, विजापूर रोडच्या खोलीतून,
माणसं ओळखणारी यंत्रणा लिहिते.

नरसव्वा इराबत्ती अंगठा टेकवते. लाल दिवा.
पदराला पुसते, टेकवते. लाल.
चाळीस वर्षं, रोजच्या हजार विड्या;
रेषा कधीच गेल्या
कारखान्याच्या टोपलीतून, मोजून.
पडद्यावर येतं:
‘ओळख पटली नाही. वापरकर्ता अवैध.’

हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं.
असंच एक मीही लिहिलं होतं मार्चमध्ये,
रात्री साडेअकराला,
जांभई देत.

"काय म्हणतंय गं?"
"मशीन दमलंय, मावशी."
ती हसली. "मळ्ळी," म्हणाली.
तिच्या तेलुगूत मळ्ळी म्हणजे पुन्हा.
मग तर्जनी, मधलं बोट, डावा हात,
करंगळीला कुठे हिरवा लागला.
शेजारणीची कात्री तेवढी क्षणभर थांबली.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी मागितली
त्या वाक्याची दुरुस्ती,
आणि बोट न उमटणाऱ्यांसाठी वेगळी वाट.
"असे टक्के किती?" पलीकडून प्रश्न.
"सध्या यादीत नको."

टक्के मला ठाऊक नाहीत.
नखात अजून तंबाखूचा वास आहे,
तिचं बोट धरून टेकवलं होतं त्याचा.
एरवी इथे मी ‘ओके’ टाइप करते.

म्यूट काढते.
मळ्ळी सांगते, ऐका.