पासंग

पावणेसहा. राजेंद्रनगर, इंदूर.
जिन्याखालून सायकल काढून अंगणात भिंतीला टेकवतो
आणि दहा मिनिटं तिला हात लावत नाही.
बाहेरची थंडी लागू दे तिच्या अंगाला.
धातूलाही वेळ लागतो
घरातली ऊब विसरायला.

मग पेडल एकदा मागं फिरवायचं. मीटर जागा होतो.
डावा क्रँक सरळ खाली, ओळंब्यासारखा.
पाय जमिनीवर. कशावर कसला भार नको.
बटण.
आठशे एक्याण्णव.
काल आठशे अठ्ठ्याऐंशी होता.

शून्य करायचं म्हणजे शून्य दिसत नाही.
मीटर पाठवला तेव्हा शर्वाणीनं फोनवर समजावलं होतं:
बाबा, रिकामा असताना तो काय म्हणतो
तेवढं आधी विचारून ठेवायचं,
पुढच्या सगळ्यातून तेवढं वजा.
मी हसलो. एकतीस वर्षं नापतौल खात्यात काढली, पोरी.
याला पासंग म्हणतात.

सियागंजात, सराफ्यात, मल्हारगंजच्या धान्याच्या पेढ्यांवर
तराजू रिकामाच उचलायला लावायचो
आणि बघायचो काट्याकडे, शेठजींकडे नाही.
ते चहा मागवायचे. पंखा लावायचे.
वाऱ्यानं पारडं हलतं, हे त्यांनाही ठाऊक, मलाही.
पंखा बंद, शेठ.
मग पारड्याच्या पोटाखालून बोट फिरवायचं.
कधी मेण. कधी शिशाचा तुकडा.
एकदा चवली, राजाचा चेहरा वर करून चिकटवलेली.

आणि एकदा चिंच, सुपारीएवढी,
हळदीच्या ठोक दुकानात.
मी बोट रुमालाला पुसलं.
शर्वाणीची फी भरायची होती त्या जूनमध्ये.
हे कारण म्हणून नाही सांगत,
महिना कुठला ते सांगतोय.
शिक्का मारला.
शिसं मऊ असतं, कसलाही ठसा घेतं.

महिन्यातून एकदा मागचा ब्रेक दोरीनं बांधतो,
क्रँक आडवा धरतो
आणि पेडलला टांगतो वीस किलोचं लोखंडी वजन,
खात्याच्या लिलावात घेतलेलं.
त्याच्या बुडाशी माझाच शिक्का, मुदत कधीच संपलेली.
मीटर म्हणतो, बरोबर.
त्याला काय माहीत, वजन कुणी तपासलं होतं.

तेजाजीनगर मागं पडतं. खंडवा रोड.
सिमरोळचा घाट आमच्या बाजूनं आधी उतरायचा असतो.
पाय थांबतात. स्क्रीनवर शून्य वॅट
आणि सायकल ताशी चव्वेचाळीसनं सुटलेली.
त्याचा हिशेब परतीला.

परतीच्या चढावर निषाद गाठतो, विशीतला, गुलाबी मोजे.
"काका, दोनशे ऐंशी चाललेत आपले!
आज तुम्ही पासंगालाही पुरत नाही."
झीरो केलास का निघताना?
"ते कोण करत बसतं, भिया!"
आणि गेला, वळणापलीकडे,
सगळे दोनशे ऐंशी बरोबर घेऊन.

मी एका ट्रकच्या मागं अडकलोय.
खाली कुठून तरी भरून आलेला,
पहिल्या गिअरमध्ये कण्हतोय. ताडपत्रीखाली पोती.
वास हळदीचा असेल. नसेलही.
एकशे अठ्ठेचाळीस. एकशे सेहेचाळीस. एकशे अठ्ठेचाळीस.
हॉर्न नाही माझ्याकडे, फक्त घंटी.
वाजवतो.
ट्रक बाजूला होत नाही.