गुरुवार

ग्रात्समध्ये घरोघर पियानोचे सूर लावत हिंडणारा ओटोकार
दोन वर्षांची कमाई लिलावात ओतून
घेऊन आला एका थोर संगीतकाराचं पत्र.

सुरांबद्दल त्यात अवाक्षर नाही.
जळणाचे पैसे थकलेत,
सदरे अजून परटाकडेच,
आणि खाली, घाईघाईत, उताराला लागलेल्या ओळीत :
‘गुरुवारी येऊ नकोस. ताप आहे.’

घडी उलगडली तेव्हा
शाई सुकवायला भुरभुरलेली वाळू
दोनशे वर्षांनी टेबलावर सांडली.
चार कण.
बायको फडकं घेऊन आली, तर
त्याने तिचा हात धरला.

आता आल्यागेल्याला तो पत्र दाखवतो,
हातमोजे घालून,
बाकीचे सगळे वार.
गुरुवारी मात्र कपाट उघडत नाही.
जिन्यावरूनही
पाय न वाजवता जातो.