खिंडीत रेंज नव्हती

नारिनच्या हॉटेलात दोन दिवस
आम्ही पिवळ्या चिठ्ठ्यांवर स्वतःचे गुण लिहीत होतो.
बिश्केकहून आलेली मुलगी गोड बोलायची,
तिच्या बुटांना अजिबात चिखल नव्हता.
म्हणाली, नेतृत्व म्हणजे काय, एका शब्दात सांगा.
कुमुशाय म्हणाली, "सही."
सगळ्या हसल्या.
मुलीने ते फळ्यावर लिहिलं नाही.

वीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं.
गावप्रमुख झाले, तेव्हापासून
नुसते कागदी घोडे नाचवते,
आणि हा तर घोड्यांचा मुलूख.
खरे घोडे कुंपणावरून
माझ्याकडे दयेने बघतात.

"नेटवर्क वाढवा," असं शेवटच्या स्लाइडवर होतं,
खाली हातात हात धरलेल्या बाहुल्या.
शेजारच्या खुर्चीत जिपारा.
पाटाच्या वरच्या अंगाला तिचं गाव, खालच्या अंगाला माझं.
अकरा वर्षं पाण्यावरून हमरीतुमरी.
आमच्या आधीचे दोघे पुरुष
एका लग्नात कॉलर धरेपर्यंत गेले होते.
आम्ही कॉलर धरली नाही.
दोन दिवस एकमेकींकडे बिस्किटांची बशी सरकवत राहिलो.
ते जास्त वाईट होतं.

परतताना खिंडीत गाडी अडकली.
पुढे बर्फ, मागे बर्फ,
आत सात बायका, सात प्रमाणपत्रं,
फोनवर एकही दांडी नाही.
कुमुशाय म्हणाली, "घ्या. वाढवा नेटवर्क."

हसून झाल्यावर थंडी वाजायला लागली,
आणि मग खरं बोलणं निघालं.
अनारकानला बैठकीत कुणी खुर्ची देत नाही,
चार वर्षं ती स्वतःची घडीची खुर्ची काखेत मारून जाते.
सायरागुल म्हणाली, जिल्हा कचेरीत
अर्ज गुरुवारी दुपारीच द्यायचा,
अडवणारा बाबू तेव्हा हमामात असतो.
हे मी प्रमाणपत्राच्या पाठीवर लिहून घेतलं.

जिपारा काचेतून बाहेर बघत होती.
बघता बघताच म्हणाली,
"बर्फाचा नांगर माझ्या कचेरीच्या आवारात उभा आहे.
डिझेल नाही. नोव्हेंबरपासून."

माझ्या शाळेमागच्या खोलीत
चार पिंपं डिझेल आहे.
हे मला सांगायचं नव्हतं.
सांगितलं.

दोघी वर निघालो, गुडघाभर बर्फात,
एका हातात फोन, उंच धरलेला,
दुसऱ्या हातात कधी कधी तिचं कोपर.
कड्यापाशी एक दांडी आली, गेली, आली.
माझा उपप्रमुख म्हणाला, "शिक्क्याशिवाय पिंप हलणार नाही, बाई."
शिक्का माझ्या पर्समध्ये,
पर्स गाडीत,
गाडी बर्फात.
दहावीला दोनदा बसलेला माझाच विद्यार्थी!
मी ओरडले, "कागद उद्या. बर्फ आज."
माझा आवाज समोरच्या डोंगराला लागून परत आला
तेव्हा मलाच दचकायला झालं.
जिपारा शांतपणे म्हणाली, "आता माझ्या ड्रायव्हरला लावू दे,
तो नुसत्या आवाजाने उठत नाही,
त्याच्या बायकोला सांगावं लागतं."

पहाटे साडेतीनला दिवे दिसले.
तिचा नांगर, माझं डिझेल,
आणि स्टिअरिंगवर झोपेत शिव्या देणारा तोक्तोसुन.

प्रशिक्षण कसं वाटलं, असा फॉर्म परवा आला.
एक ते पाचमध्ये गोल करायचा.
मी बराच वेळ पेन धरून बसले.

पाटाचा विषय मंगळवारी आहे.
तिने रात्रीचं पाणी सोडायचं कबूल केलेलं नाही,
मी मागणं सोडलेलं नाही,
बैठकीत आवाज चढणार आहेत.
फक्त माझ्या फोनमध्ये आता ती
"जिपारा नांगर" आहे,
आणि तिच्यात मी, मी चोरून बघितलं,
"बुरुलकान डिझेल, ओरडते."