खुलासा: तेवीसशे डॉलर, रोख

माननीय कर्ज-तपासनीस,
तुमचं नाव प्रुइट साहेबांनी सांगितलं नाही,
फक्त म्हणाले, वरती कुणीतरी बसतं.

चौदा मार्चला माझ्या खात्यात पडलेले
तेवीसशे डॉलर कुठून आले, असं तुम्ही विचारलंत.
इंजिनाचे आले.
वडिलांच्या होडीचं, साठ हॉर्सपॉवरचं,
टॉली स्टायरनने नेलं.
एकशे पंधरा नोटा त्याने मोजल्या
माझ्या ट्रकच्या बॉनेटवर,
वारा होता म्हणून
दर गड्डीवर एकेक शिंपला ठेवत.
पावती नाही.
इथे पॅम्लिकोच्या काठाला पावती मागणं म्हणजे
समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं.
बँकेतली पोरगी नोटा हातात घेऊन म्हणाली, कोळंबी.
तिला विचारा हवं तर.

सात महिने नोकरी का नव्हती, हेही विचारलंत.
काम होतं. पगार नव्हता.
आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं,
रात्र धरून.
तुमच्या फॉर्मात त्याला रकाना नाही,
म्हणून मी ‘इतर’वर खूण केली होती.

प्रुइट साहेब म्हणाले, रोवेना, तुला कन्व्हेन्शनल बसेल.
मी म्हटलं, म्हणजे काय?
साधं, म्हणाले. सरकारचा हात नाही, सवलत नाही,
चारचौघं घेतात तसं.
परतताना फेरीबोटीत मी ते तोंडात घोळवत राहिले,
चारचौघं घेतात तसं.
आमच्यात आजवर चारचौघांसारखं
काहीच झालेलं नव्हतं.
वडील म्हणायचे, खिशात मावेल तेवढंच घर घ्यावं.
त्यांच्या खिशात एक चाकू मावायचा
आणि थोडी सुतळी.

शंभरातले पाच माझे, पंच्याण्णव तुमचे.
म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा माझा
आणि मागच्या दाराच्या दोन पायऱ्या.
तेवढ्यावर बसून मी बाकीच्या घराकडे
पाहुणीसारखी बघेन,
सत्त्याहत्तराव्या वर्षापर्यंत.
विमे तीन. एक वाऱ्याचा, एक पाण्याचा,
आणि एक माझा,
मी बुडाले तर तुम्ही कोरडे राहावेत म्हणून.
तिन्हींचे हप्ते मी भरेन. तक्रार नाही.

आता, तुम्ही जे विचारलं नाहीत ते.
मोजणीवाल्याने उंची नऊ फूट लिहिली आहे.
बरोबर आहे.
पण कोठीच्या दारामागे, पांढऱ्या रंगाच्या खाली
पेन्सिलची एक रेघ आहे.
मला ठाऊक आहे, कारण ती मी ओढली,
अकरा वर्षांची असताना,
ज्या सकाळी वडील आणि मी
तिथल्या म्हातारीच्या गाद्या बाहेर ओढत होतो
आणि गाद्या माणसांपेक्षा जड झाल्या होत्या.
तेव्हा घर जमिनीवर होतं.
पुढे त्याला खांबांवर चढवलं,
रेघही सोबत वर गेली.
आता तिला गाठायचं तर पाण्याला
आधी जिना चढावा लागेल.
चढेल.
माझ्या हप्त्यांच्या आत की नंतर,
हे तुमच्या एखाद्या तक्त्यात असेल
तर कृपया कळवा.

घर मात्र मला तेच हवं आहे.
याचा खुलासा मला लिहिता येत नाही.
कोठीच्या खिडकीतून धक्का दिसतो,
धक्क्याला आता आमची होडी नाही,
आणि तरी भरतीला तो दोर
वर-खाली होत राहतो.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.
रोवेना गॅस्किल

ता.क. दोन एप्रिलला आणखी चाळीस डॉलर
जमा झालेले दिसतील.
टॉलीने आणून दिले.
म्हणाला, इंजिन वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं.
याचीही पावती नाही.