पाव फेरा

साडेअकराची शेवटची ट्रॉलीबस गेली
की आम्ही दिवे मालवतो.
दिवसा इथे काही जमत नाही.
तीन रस्ते पलीकडून तिचं धूड गेलं
तरी आरशांच्या अंगावर काटा येतो.
विल्नियसमध्ये असल्या भिडस्त वस्तू सांभाळायच्या
तर शहर झोपेपर्यंत थांबावं लागतं.

टेबल हवेवर तरंगतं, दोन टनांचं.
त्यावर आरसे, भिंगं, पुन्हा आरसे,
एकशे चौदा. मी मोजलेत;
पहिल्या वर्षाच्या पोराला दुसरं काय काम देणार?
स्किरमान्ते मोजत नाही.
कुणाला नखाने हलवते, कुणाला नुसत्या श्वासाने,
स्क्रूचा पाव फेरा,
पावाचाही पाव,
तापल्या दुधावरची साय बाजूला सारावी तसा.

आधी कारखान्यात भिंगं घासली तिने, बावीस वर्षं.
तो बंद पडल्यावर इथे.
आमच्या प्रबंधांत ती आभाराच्या पानावर असते,
शेवटून दुसरी.

भट्टीतून स्ट्रॉन्शियमचे अणू सुटतात
बंदुकीच्या गोळीसारखे,
आणि समोरून त्यांना लेझर अडवतो.
नुसता उजेड!
एकेक कण छातीवर आदळतो,
मुंगीने हत्तीला ढकलावं तसा,
पण मुंग्या कोट्यवधी, आणि दमत नाहीत.
हत्ती थबकतो.
उजेडाने वस्तू तापते, असं शाळेत शिकलो होतो.
इथे ती गारठते,
दाराबाहेरच्या जानेवारीला
ऊबदार म्हणावं इतकी.

सतरा रात्री एकही हत्ती थांबला नाही.
अठराव्या रात्री तिने काळ्या पावाचा तुकडा
कागदात गुंडाळून ठेवला, हात पुसले,
आणि गेली त्रेसष्टाव्या आरशाकडे,
ज्याच्यावर माझा संशयही नव्हता.

मग काचेच्या मधोमध
निळं.
टाचणीच्या डोक्याएवढं,
कशालाच न टेकलेलं.

मी ओरडलो. ती नाही.
"आहे?" तिने विचारलं.
काचेला नाक लावून उभी होती,
ठिपक्याच्या चार बोटं डावीकडे बघत.
"हे काय, समोरच तर..."
पुढचं मी गिळलं.

"जांभळा परवाच्या वर्षी गेला," ती म्हणाली,
"निळा या हिवाळ्यात,"
दुकानातलं मीठ संपल्याचं सांगावं तशी.
"मग आरसे कसे लावलेस?"
"मीटरच्या काट्यावर. आणि सवयीने.
प्रोफेसरांना सांगू नकोस.
कसा दिसतो ते सांग."

"तीस लाख अणू असतील."
"ते यंत्र सांगेल. तू सांग."

गॅसच्या ज्योतीसारखा, म्हणालो.
"ती आतून पोकळ असते."
शाईसारखा.
"शाईला उजेड कुठला?"
मी शहरातला मुलगा, माझे निळे तिथेच संपले.
ती वाट बघत राहिली.
काचेवर तिच्या श्वासाचं वर्तुळ उमटत होतं, पुसत होतं.
"जवसाचं फूल बघितलंयस?
आईच्या शेतात होतं. सकाळी सकाळी.
दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या."
मी जवस बघितलं नव्हतं.
ठिपक्याकडे बघितलं, बराच वेळ.
"हो," म्हणालो, "तसाच. सकाळचा."

पाचला पहिली ट्रॉलीबस आली.
ठिपका थरथरला आणि गेला.
तिने कागद सोडला, अर्धा पाव मला दिला,
वहीत लिहायला सांगितलं.
वेळ लिहिली. तापमान लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : जवस.

सोमवारी प्रोफेसर दौगिर्दास यांनी ते खोडून
चारशे एकसष्ट नॅनोमीटर केलं,
आणि समासात विचारलं,
हे अक्षर कुणाचं?