आख

पुण्याहून यादी आली सोमवारी,
दोन पानं, कोपऱ्यात स्टेपल.
धुळे-नंदुरबार मिळून एकेचाळीस पिकअप.
मार्चच्या नऊ ते सोळा
कारखान्यातली एक भट्टी म्हणे नीट तापली नव्हती.
त्या आठवड्याचं लोखंड आतून कच्चं राहिलं.
दिसायला तसंच.
वाजवून पाहिलं तरी तसंच.

मला फोनचं काम दिलं.
घाबरवू नका, साहेब म्हणाले,
आणि हसूही नका.
वाक्य छापूनच दिलं होतं:
आपल्या वाहनाच्या मागील अ‍ॅक्सल शाफ्टची
खबरदारी म्हणून विनामूल्य तपासणी.

विनामूल्य म्हटलं की माणसं सावध होतात.
भटू देवरे म्हणाले, फुकट? मग आमचं काय नेणार?
दोंडाईच्याच्या एकाने गाडी विकलेली,
घेणाऱ्याने ती साक्रीत विकली,
साक्रीवाल्याकडे पत्ता एवढाच: 'तो दाढीवाला'.
एका बाईंनी शांतपणे सांगितलं,
ते गेले दिवाळीत.
गाडी अंगणात आहे, तिच्यात कोंबड्या बसतात.
त्यांना काही धोका?
मी रकान्यात लिहिलं, धोका नाही,
आणि पेन थोडा वेळ तिथेच टेकलेलं राहिलं.

झुलालआप्पा कापडण्याचे.
तीनदा फोन आपटला.
'गाडी ते मस्त चालस ना ताई,
मंग काबर खोलनी?'
मी वाक्य वाचलं. परत वाचलं.
अ‍ॅक्सल शाफ्ट म्हटलं की पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
मग कागद पालथा घातला
आणि घरातली बोली आपसूक तोंडात आली,
ऑफिसात तीन वर्षं दाबून ठेवलेली:
'आप्पा, आख.
तुमना गाडीना आख कच्चा शे.'

'आख?'
पंखाही थांबल्यासारखा.
'मंग आसं सांग ना माय.'

दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधी गाडी उभी,
रात्री नंदुरबारात मिरची उतरवून तशीच आलेली.
हौदात लाल भुकटी,
अख्खं वर्कशॉप शिंकत होतं.
शकीलने आख बाहेर काढला, फडक्याने पुसला,
लाल रंग फासला, धुतला,
वर पांढरी पावडर फवारली.
दहा मिनिटं थांबायचं असतं.
आम्ही थांबलो.
पांढऱ्यावर हळूहळू उमटली
एक रेघ,
केसाएवढी, लाल,
चाकाच्या बाजूला अर्धा वळसा घेतलेली.

आप्पांनी चष्मा काढून पुसला.
बोट लावलं नाही.
'याच आखवर वऱ्हाड बसाडं व्हतं मी.
रविवारले. लळिंगना घाटमा.'
कोण कोण बसलं होतं ते मोजायला लागले,
व्याही, व्याहीण, बँडवाले दोघे,
नवरीची धाकटी बहीण उभ्यानेच…
तिथे थांबले.
चहा आला तर नको म्हणाले.

चाळीस गाड्यांपुढे टिक झाली,
त्यात कोंबड्यांचीही एक.
राहिली सतरावी.
शिरपूरकडची, कागदावर मालक सायसिंग पावरा,
पण दोनदा हात बदललेली.
कुठून तरी मिळालेला नंबर:
सध्या बंद आहे.
साहेब म्हणाले, तीन रजिस्टर पत्रं गेली,
आपल्याकडून विषय संपला.

आता बसच्या खिडकीतून मला मागची चाकंच दिसतात.
पारोळा चौफुलीवर कडबा भरलेली एक,
तिचं डावं जरा डुलतंय का?
मावसभावाच्या लग्नात पंगतीतून उठले,
मांडवाबाहेर लागलेल्या पिकअपचा नंबर वाचून आले,
हाताला वरण तसंच.
आई म्हणाली, कोण होतं गं?
काय सांगू, कोण नव्हतं ते.

काल रविवार.
घरच्या फोनवरून सहज लावला.
वाजला.
मी पलंगावरून उठून उभी राहिले.
कोणीतरी उचलला,
मागे वारा, हॉर्न, ताडपत्रीची फडफड,
गाणं मोठ्याने लावलेलं.
'कोण?'
छापील वाक्य पाठ होतं,
नाव, कंपनी, खबरदारी, विनामूल्य.

मी म्हटलं,
भाऊ, आधी गाडी बाजूला घ्या.