सिॲटलपर्यंत, दोन माणसं

दुकानाच्या मागच्या खिडकीतून
बंदराची एक पट्टी दिसते.
उन्हाळाभर तिच्यातून जहाजं सरकतात,
पांढरीशुभ्र, इस्त्री मोडू नये अशा बेतानं,
अलास्काकडे.
आणि आम्हाला आमचं जहाज पकडायला
जायचंय सिॲटलला.
सव्वादोनशे किलोमीटर, दुसऱ्या देशात.

"तिथून स्वस्त पडतं," वेन्डल म्हणतो,
आणि स्वच्छ चष्मा पुन्हा पुसतो.

मग आठवडाभर जेवणाच्या टेबलावर वेळापत्रकं.
आगगाडी पाण्याला चिकटून जाते म्हणे,
निळे बगळे दिसतात, कॉफी मिळते,
पण रांगेत उभं राहायचं पहाटे साडेपाचला,
आणि दरड कोसळली की आगगाडीचीच बस होते.
भाड्याची मोटार इथं घ्या, तिथं सोडा.
घेण्यापेक्षा सोडायचेच पैसे जास्त.
टेस म्हणाली, मी रजा काढते, मी सोडते.
वेन्डल म्हणाला, नको.
बंदरातून थेट बंदरात नेणारी
ती गुबगुबीत खुर्च्यांची व्हॅन,
तिच्याकडे तर त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही.

छत्तीस वर्षं मी लोकांच्या पँटी आखूड करते.
गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून
इथं नको, तिथं नको करू लागलं
की मी ओळखते,
घोडं पेंड खातंय ते कापडापाशी नव्हे.

"मग बस?"
"बसमधून सगळ्यांना उतरवतात," तो म्हणाला.
"शिवेवर. आपापलं सामान घेऊन चालत जावं लागतं."
तक्रार करावी तसं नाही.
पत्ता सांगावा तसं.

एकोणसत्तरच्या नोव्हेंबरात तो चालतच आला होता.
झीरो अव्हेन्यूच्या कडेचा चर ओलांडून, रात्री,
एकोणीस वर्षांचा,
खिशात लष्कराचं बोलावणं, एका बुटात पाणी.
दुसऱ्या बुटाचं तो कधी सांगत नाही.
पुढे माफी झाली, सगळ्यांनाच.
तिकडे आई गेली, भावाचं लग्न झालं, मोडलं,
हा गेला नाही.
दर वेळी काहीतरी निघायचं.
एकदा तर दाढ.

शीव काय नि शिवण काय,
मी धंद्यातली बाई, मला एकच दिसतं.
पंचावन्न वर्षांची टीप
हिसका देऊन उसवत नाही,
कापड फाटतं.

बसची तिकिटं मीच काढली.
जहाजाच्या कागदांत ती ठेवायला गेले
तर खाली आणखी एक कागद, चार घड्यांचा.
त्याच आठवड्यात, आपल्याच बंदरातून सुटणारं जहाज.
भाव त्यानं पेन्सिलीनं अधोरेखित केलेला.
अकरा डॉलरनं कमी.
मी घड्या होत्या तशाच घातल्या.

बसमध्ये आम्ही चौदा जण.
शिवेवर ड्रायव्हरनं बसच्या पोटातून बॅगा काढल्या.
वेन्डलनं माझी घेऊ दिली नाही, स्वतःचीही.
काचेमागे टेसहून लहान पोरगी.
"कुठे?"
"जहाजावर."
"फळं, मांस, रोपं?"
"एक संत्रं," मी म्हणाले. ते गेलं.
"याआधी अमेरिकेत कधी आला होतात?"

त्यानं वेळ घेतला.
मागची रांग खाकरली.
मी त्याच्या कोटाच्या सैल बटणाकडे बघत राहिले,
निघताना टाका घालायचा राहिला होता.
"इथलाच," तो म्हणाला. "इथंच राहायचो."
पोरीनं पासपोर्ट पाहिला, त्याला पाहिलं,
आणि पुढचा माणूस बोलावला.

बाहेर बसपर्यंत सिमेंटची वाट होती.
सगळे तिच्यावरून गेले.
वेन्डल गवतातून गेला,
पावसानं भिजलेल्या, घोट्याएवढ्या गवतातून,
दोन्ही हातांत बॅगा, सावकाश.

पायरीवर ड्रायव्हर म्हणाला,
"आजोबा, बूट पुसा."